कोणता वेल तोडायचा?

भाद्रपद संपत आला की कर्जतहून खोपोलीला जाणाऱ्या गाडीच्या खिडकीत बसून बघावं. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी अशी स्टेशनं मागे पडत जातात आणि रुळांच्या दोन्ही अंगांना कुंपणाच्या तारा, विजेचे खांब, पडक्या केबिनी, सुबाभळीची झाडं, सगळं वेलांखाली गेलेलं दिसतं. मुंबईहून आलेला माणूस हे बघून खूश होतो. जरा वाचलेला असेल तर घाबरतो: केवढं हे आक्रमण! दोघांचंही थोडं चुकतं. त्या हिरव्या गर्दीत इथल्या मातीत शेकडो वर्षं वाढलेले वेल आहेत, शंभर-दीडशे वर्षांत साता समुद्रापलीकडून आलेले आहेत आणि परवा नर्सरीतून सुटलेलेही आहेत. लांबून सगळे सारखेच दिसतात.

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत हा प्रश्न अभ्यासकांपुरता उरलेला नाही. इथे जमीन झपाट्यानं हातोहात जाते. सातबारा नावावर झाला की नव्या मालकाचा पहिला हुकूम असतो, ‘प्लॉट साफ करून घ्या.’ जेसीबी येतो, शेजारच्या वाडीतली दोन माणसं कोयते घेऊन येतात आणि दुपारपर्यंत जुनी वई उघडी पडते. तोडलेल्या ढिगात गुळवेल असतो, करांदा असतो, हिरणदोडी, शिवलिंगी, कधी कळलावी असते. मग आठवड्याभरात नवी कमान उभी राहते आणि तिच्यावर नर्सरीतला गुलाबी फुलांचा वेल चढवला जातो. रानातला वेल कोयत्याखाली आणि बाहेरचा कमानीवर, असा हा उलटा न्याय चालला आहे. त्यावर उपाय एकच, वेल ओळखता येणं. ते वाटतं तितकं अवघड नाही.

आधी एक गोंधळ मिटवू. परदेशी वनस्पती म्हणजे आक्रमक वनस्पती नव्हे. मिरची, बटाटा, काजू, पेरू हे सगळे अमेरिका खंडातले. त्यांनी आपलं रान गिळलेलं नाही. बाहेरून आलेली वनस्पती माणसाच्या मदतीशिवाय स्वतःच पसरू लागली आणि पसरताना मूळच्या झाडाझुडपांची जागा, ऊन, पाणी बळकावू लागली, तर ती आक्रमक. जैवविविधतेवर काम करणाऱ्या ‘इप्बेस’ या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २०२३ साली अहवाल दिला. त्यात जगभर माणसानं इकडून तिकडे नेलेल्या जीवजाती ३७,००० हून अधिक आणि त्यातल्या उपद्रवी ठरलेल्या ३,५०० हून अधिक असं म्हटलं आहे. म्हणजे दहातली एक. पण ती एक पुरते.

आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीनं ‘आक्रमक परकीय जाती’ हा शब्द आला आणि त्यांच्यावर निर्बंध घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. व्याख्येत मात्र ‘भारतातील मूळ नसलेली’ अशी अट आहे. आता आसामकडचा, निळ्या मोठ्या फुलांचा थनबर्जिया ग्रँडिफ्लोरा घ्या. बंगल्यांच्या मांडवावर तो हौसेनं लावतात. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंडमध्ये त्यानं रानंच्या रानं झाकली. पण तो ‘भारतातला’ असल्यामुळे कायद्याच्या दृष्टीनं खालापुरातही घरचाच. वेलाला राष्ट्राची हद्द कळत नाही, त्याला पाऊस आणि ऊन कळतं.

याची दुसरी बाजू तर गमतीची आहे. आपल्या जेवणातली तोंडली हवाई बेटांवर भयंकर तण आहे. तिथं तिनं झाडं आणि विजेचे खांब असे काही मढवले की १९९६ साली केनियातून एक पतंग आणून तिच्यावर सोडावा लागला. आपला कडू करांदा १९०५ साली अमेरिकेच्या कृषी खात्यानंच फ्लोरिडात पाठवला. पुढे तो तिथल्या झाडांच्या शेंड्यावर जाऊन बसला. शेवटी नेपाळ आणि चीनमधून त्याचा पाला खाणारा लाल भुंगा शोधून न्यावा लागला. जपानहून १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात गेलेला आणि नंतर जमिनीची धूप थांबवायला सरकारनंच लावायला लावलेला ‘कुडझू’ हा आपल्या विदारीकंदाचा, म्हणजे घोडवेलाचा, सख्खा चुलतभाऊ. तोंडली किंवा करांदा तिकडे जाऊन दुष्ट झाले, असं नव्हे. त्यांना खाणारे मागे राहिले, एवढंच. इथे करांद्याला भुंगा आहे, रानडुक्कर आहे, साळिंदर आहे आणि कुदळ घेतलेला कातकरी आहे. तिथे यातलं कुणीच नव्हतं. नेमकी हीच सवलत अमेरिकेतून इकडे आलेल्या वेलांना मिळते.

तेव्हा ओळख. वेल दिसला की लोक फूल शोधतात. फूल वर्षातले दोन-तीन महिनेच असतं, आणि फूल येईपर्यंत थांबलं तर पुष्कळदा उशीर झालेला असतो. पानाकडे आणि देठाकडे बघायची सवय लावावी. पानं खोडावर समोरासमोर आहेत की एकाआड एक? पान तोडल्यावर दुधासारखा चीक येतो का? आणि वेल वर चढतो तो कशानं, स्वतःच्या अंगाला पीळ देऊन, तणाव्यानं, काट्यानं की मुळांनी? पिळाची दिशासुद्धा उपयोगी पडते. कोनफळ आणि कडू करांदा एकाच कुळातले, पानंही हृदयाकृती. पण दोघांचे पीळ एकमेकांच्या उलट दिशेनं जातात. जाणती माणसं हातानं चाचपूनच सांगतात.

या खुणा हाताशी धरून पुन्हा त्या रेल्वेच्या कुंपणाशी जाऊ. तिथला सर्वांत ठळक वेल म्हणजे फिकट जांभळ्या कर्ण्यांचा आयपोमिया केरिका. ‘रेल्वे क्रीपर’ हे त्याचं नाव सगळीकडे चालतं, काही जण त्याला गारवेल म्हणतात. नावातलं ‘केरिका’ कैरो शहरावरून आलं, मूळ आफ्रिकेकडचा. याचं पान अगदी बुंध्यापर्यंत चिरून पाच वेगळी बोटं झालेलं, गुळगुळीत. देठ खोडाला मिळतो तिथे त्याच पानाची चिमुकली प्रतिकृती असते. हे बारकं पान एकदा दिसलं की पुन्हा चूक होत नाही. याच्याशी गल्लत होते ती नवलीची. नवलीचं पानही पंजासारखं, पण ते द्राक्षाच्या पानागत अर्धवटच चिरलेलं, खोड केसाळ आणि फुलं पिवळी, तीही थंडीत. नवली इथली. तिला हात लावू नका. रेल्वे क्रीपरच्या पेरापेराला मुळं फुटतात. तोडून बांधाखाली टाकलेला तुकडा पुन्हा लागतो. गवत कापायच्या यंत्रानं त्याचे तुकडे उडवणं म्हणजे त्याची लावणीच करणं आहे.

त्याच्याच कुळातल्या लाल पुंगळी, निळी पुंगळी आणि गणेशवेल हे तिघेही अमेरिका खंडातले. नावं मराठी झाली, माणसांना ते आपलेच वाटतात. गणेशवेलाचं पान पिसासारखं चिरलेलं, फूल लाल पाचकोनी चांदणीचं. लाल पुंगळीचं पान हृदयाकृती किंवा तीन खंडांचं आणि फूल म्हणजे बारीक नळीवर ठेवलेली शेंदरी टिकली. सूर्यपक्षी त्यावर येतात. निळ्या पुंगळीच्या फुलाखालच्या हिरव्या पाकळ्या लांब, टोकदार आणि केसाळ. हे तिघं पावसाळ्यात उगवून थंडी सरता वाळणारे. वईवर, बांधावर, रस्त्याकडेला त्यांचा सुकाळ असतो, पण दाट रानात ते फारसे शिरत नाहीत. माझ्या मते यांच्यामागे कोयता घेऊन धावण्यात अर्थ नाही. शक्ती दुसरीकडे खर्च करावी. फक्त ‘आपला पारंपरिक वेल’ म्हणून रोपवाटिकेतून मुद्दाम आणून लावू नये.

वेलघाणी मात्र जवळून बघण्यासारखा आहे. पॅसिफ्लोरा फेटिडा, कृष्णकमळाच्या घरातला, मूळ दक्षिण अमेरिकेचा. तीन खंडांचं, मऊ लव असलेलं पान. ते बोटांत चुरगळा आणि नाकाशी न्या. उग्र, कुबट वास येतो आणि नाव कुठून आलं ते विचारावं लागत नाही. फूल पांढुरकं-जांभळं. त्याहून नवल फळाचं आहे. बोराएवढं फळ हिरव्या तंतूंच्या जाळीत बसलेलं असतं. या तंतूंच्या टोकांना चिकट थेंब असतात. भिंग नसलं तरी उन्हात ते चमकताना दिसतात, आणि नीट पाहिलं तर त्यांत अडकून मेलेले बारीक किडे. कळीला आणि कोवळ्या फळाला हे कुंपणच. फळ पिकून केशरी-पिवळं झालं की पोरं ते खातात, पक्षीही खातात आणि बी लांब नेऊन टाकतात. हिरवं फळ मात्र खाऊ नये, त्यात विषारी द्रव्य असतं. ‘टॉनी कोस्टर’ नावाच्या आपल्या नारिंगी फुलपाखरानं या परक्या वेलावर अंडी घालायला सुरुवात केली आहे आणि त्याच्या काटेरी अळ्या पानं खातात. म्हणजे सगळंच काळं-पांढरं नसतं.

वेलघाणी समजून लोक शिवलिंगी आणि करटोली उपटतात, हे वाईट. पान खंडांचं, तणावे आहेत, एवढ्यावर फसगत होते. तणावा कुठून निघतो ते बघा. वेलघाणीचा तणावा पानाच्या देठाच्या अगदी बगलेतून, देठ आणि खोड यांच्या बेचक्यातून निघतो. काकडीच्या कुळातल्या वेलांचा, म्हणजे शिवलिंगी, करटोली, तोंडली, कडू पडवळ यांचा, तणावा देठाच्या शेजारून, बाजूला फुटतो. परसातला दुधीचा किंवा काकडीचा वेल आधी बघून घ्या, मग रानात बघा. करटोलीचा कंद जमिनीखाली वर्षानुवर्षं जिवंत राहतो. तो गेला की आषाढात कर्जतच्या बाजारात टोपल्या घेऊन बसणाऱ्या बायकांच्या मालात एक वाटा कमी होतो. चाईच्या मोहराचं, करांद्याचंही तेच. ठाकर-कातकऱ्यांच्या रानभाज्यांतला मोठा हिस्सा वेलांवरच येतो, हे प्लॉट साफ करणाऱ्याच्या गावीही नसतं.

आता कमानीवरचे. आइस्क्रीम वेल, म्हणजे अँटिगोनॉन लेप्टोपस, मेक्सिकोचा. सुरकुतलेलं हृदयाकृती पान, गुलाबी फुलांचे झुबके आणि त्या झुबक्यांच्याच टोकाला तणावे. दिसायला देखणा, मधमाश्यांचा आवडता, उन्हाला न घाबरणारा. म्हणून फार्महाउसवाल्यांचा लाडका. त्याची खरी ताकद जमिनीखाली आहे. खोलवर कंदांची साखळी असते. वरून दहा वेळा छाटला तरी तो फुटतो, जाळला तरी फुटतो. बी पाण्यावर तरंगतं. हे शेवटचं वाक्य या दोन तालुक्यांत महत्त्वाचं आहे.

कारण इथल्या नद्या. पाताळगंगा आणि उल्हास या घाटाखालच्या नद्या एरवी उन्हाळ्यात डबक्यांपुरत्या उरल्या असत्या. पण १९१५ साली खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. घाटमाथ्यावरच्या धरणांचं पाणी वीज करून पाताळगंगेत उतरू लागलं. भिवपुरीच्या केंद्राचं पाणी तसंच उल्हास खोऱ्यात येतं आणि राजनाल्यानं कर्जतच्या भातखाचरांना मिळतं. शेतीला आणि कारखान्यांना हे वरदानच. पण काठावरच्या वेलांनाही बारा महिने ओल मिळाली. डोंगरावर मार्चपासून पाचोळा पडलेला असतो तेव्हा नदीकाठ हिरवा असतो. बाहेरून आलेल्या वेलाला उन्हाळ्याची जी कात्री लागली असती, ती इथे लागत नाही. वरच्या फार्महाउसमधून ओहोळात टाकलेला बागेचा कचरा पुरात खाली जातो आणि कुठल्या तरी वळणावर रुजतो. म्हणून शोधायचं असेल तर आधी पाण्याच्या कडेनं चालावं.

मनी प्लांटचं तसंच. पॅसिफिक महासागरातल्या मोरेआ बेटावरचा हा वेल दिवाणखान्यातल्या बाटलीत तळहाताएवढ्या पानांचा असतो. आंब्याच्या बुंध्याशी टाकून द्या, मुळांनी चिकटत वर चढतो आणि वर गेल्यावर पान हातभर होऊन फाटतं. तेव्हा तो मनी प्लांट आहे हे सांगूनही पटत नाही. त्याला फूल जवळजवळ येतच नाही. म्हणजे तो जिथे जिथे दिसतो तिथे कुणी ना कुणी त्याचा तुकडा टाकलेला असतो. दोष वेलाला देता येत नाही.

बदकवेलाबद्दल थोडं कडक बोलतो. बदकासारख्या फुलाचा हा अ‍ॅरिस्टोलोकिया ब्राझीलकडचा. त्याच्या घरातला आपला वेल म्हणजे सापसंद. सापसंदावर ‘क्रिमझन रोझ’ आणि ‘कॉमन रोझ’ ही फुलपाखरं वाढतात. ऑस्ट्रेलियात रिचमंड बर्डविंग नावाच्या फुलपाखराच्या माद्या बागेतल्या बदकवेलावर अंडी घालू लागल्या. वासानं त्यांना तो आपलाच वेल वाटला. अळ्या पानं खाऊन मेल्या. तिथे लोकांनी मोहीम काढून बदकवेल काढले आणि देशी वेल लावले. बागेत फुलपाखरं यावीत म्हणून कुणी बदकवेल सुचवला, तर सापसंद मागा.

आणि ज्याच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं असा मिकॅनिया मायक्रांथा. मूळ मध्य आणि दक्षिण अमेरिकेचा. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. दुसऱ्या महायुद्धात विमानतळ झाकायला तो आसामात आणला, असं सांगतात. चहाच्या मळ्यांत जमीन झाकायलाही लावला म्हणतात. आज आसामात आणि केरळात त्यानं मळे, केळी, सागाची लागवड गुंडाळून टाकली आहे. पोषक हवेत दिवसाला आठ-नऊ सेंटिमीटर वाढतो. त्याच्यावर पडणारी तांबेरा बुरशी २००५-०६ मध्ये या दोन्ही राज्यांत मुद्दाम सोडून पाहिली, ती टिकली नाही. कोकणची हवा केरळाहून फार वेगळी नाही, तेव्हा त्याची ओळख आधीच पाठ हवी.

पानं समोरासमोर, हृदयाकृती पण टोकदार, कडा करवती. फुलं बारीक, पांढरी, घोसानं. बी वाऱ्यावर उडणारं, पिसांचं. ओळखीची युक्ती सांगतो. आपल्याकडचे हृदयाकृती पानांचे बहुतेक वेल, म्हणजे गुळवेल, करांदा, पुंगळ्या, यांची पानं एकाआड एक असतात. तिथेच अर्धा संशय फिटतो. समोरासमोर पानांचे उरतात ते उतरण आणि हिरणदोडी. त्यांचं पान तोडलं की दुधाळ चीक येतो, मिकॅनियाला चीक नसतो. चिमीनचं पान समोरासमोर आणि बिनचिकाचं असतं, पण त्याचं पांढरं फूल चांगलं मोठं, एकेकटं. हिरणदोडी तर तोडूच नये. ‘ब्ल्यू टायगर’ फुलपाखराच्या अळ्या तिच्यावर वाढतात. पानं समोरासमोर, चीक नाही, कडा करवती आणि पेरापेराला मुळं फुटलेली, असं दिसलं तर फोटो काढा आणि थांबा. तज्ज्ञाला दाखवा, मगच हात घाला.

टणटणी आणि रानमोडी यांचं नाव इथे घेतलं नाही म्हणून कुणी रागावेल. नुकसान त्यांनीच जास्त केलं आहे हे खरं, पण ती झुडपं आहेत. टणटणी काट्यांच्या आधारानं झाडावर चढते, तरी ती वेल नव्हे. अमरवेलावरही उगाच परकेपणाचा आळ येतो. पानं नसलेले ते पिवळे दोरे बोरीचं किंवा मेंदीचं रक्त पितात खरे, पण रानात दिसणारा जाड दोऱ्यांचा अमरवेल इथलाच आहे. गारंबीचा तर कुणी बाऊच करू नये. खांडसवरून भीमाशंकरला चढताना मांडीएवढे पिळदार सोट दिसले आणि हातभराहून लांब शेंगा लोंबताना दिसल्या, तर ते रान जुनं आणि निरोगी आहे असं समजावं. झाडाझाडांतून गेलेल्या अशा वेलांवरूनच शेकरू ये-जा करतो.

काढायचं कसं, ते थोडक्यात. फूल धरायच्या आत, म्हणजे श्रावण-भाद्रपदात, माती ओली असताना मुळासकट उपटावं. आइस्क्रीम वेलाचा कंद खणूनच काढावा आणि पुढची दोन-तीन वर्षं तिथे लक्ष ठेवावं. झाडावर चढलेला वेल ओढून पाडू नये, फांद्या मोडतात. जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर कापून वरचा जागेवर वाळू द्यावा. काढलेला माल ओहोळात, रस्त्याकडेला किंवा सावलीतल्या ढिगात टाकू नये. कातळावर उन्हात पसरून पूर्ण वाळवावा. तणनाशक मारायचा मोह टाळावा. पाण्याच्या काठी ते वेलापेक्षा इतरांनाच अधिक भोवतं.

जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. तिच्यात बाहेरच्या वेलांसाठी एक पान उघडा: कुठे दिसला, कोणत्या महिन्यात, किती पसरला. आणि तुमच्या प्लॉटवर कोयता घेऊन जो ठाकर किंवा कातकरी माणूस येईल, त्याला कामाला लावण्याआधी वईवरून एक फेरी मारायला सांगा. कोणता वेल कशाचा आणि कोण खातं, हे त्याला तोंडपाठ असतं. त्या फेरीचीही मजुरी द्या.